वड्या भिजेपर्यंत

नाही नाही, त्या पोत्यावर नका बसू डॉक्टर — सगळी भुकटी पँटला लागेल — या, इकडे या, हे स्टूल घ्या. एक पाय अधू आहे त्याचा, पण भिंतीला टेकवलं की नीट उभं राहतं, माझ्यासारखं. आणि ती पेटी — ती जरा त्या खोगिरामागं सरकवा ना. तिला दिसतेय. अहो, घोडीला पेटी कळत नाही असं कोण म्हणतं? मागच्या वेळी ह्याच पेटीतून नळी काढून तुम्ही तिच्या नाकात घातलीत, ते ती विसरली असेल होय? मी तरी नसतो विसरलो. — हो, माहीत आहे मला. मालकांनी तुम्हाला जे सांगितलं तेच मलाही सांगितलंय, कान शाबूत आहेत माझे. मावशी घोडी आता खात नाही, हाडं वर आली, हाल बघवत नाहीत, तेव्हा आज सुई द्यायची आणि सोडवायचं. सोडवायचं! शब्द कसा बघा, जसं काही आम्हीच तिला बांधून — बांधलंय म्हणा, पण ते वेगळं. ठीक आहे. मी आड येत नाही. पण आधी ती खाणार. उपाशीपोटी कुणाला वाटेला लावू नये, एवढं साधं आहे. आणि खाल्लं तर? म्हणजे नीट, घमेलं चाटून खाल्लं तर? तर काय, ते तुम्हीच सांगून बसलाय. फाटकापाशी उभे राहून मालकांना म्हणालात ना, खात असती तर गोष्ट वेगळी होती, खाणाऱ्या जनावराला मी सुई लावत नाही? म्हणालात. मी गवताच्या भाऱ्याआड होतो. मुद्दाम नाही हो, भारा उचलत होतो. तर ह्या वड्या भिजेपर्यंत बसा. वड्या भिजतील, ती खाईल, तुम्ही घरी जाल. एवढंच काम आहे आज.

वड्या म्हणजे — आम्ही वड्याच म्हणतो, साबणाच्या वडीसारख्या दिसतात म्हणून. लसूणघास वाळवायचा, चिरायचा, यंत्रात दाबायचा, झाली वडी. पोत्यावर नाव भलतंच लांबलचक असतं, ते काही माझ्या जिभेवर बसत नाही. आता हे पोतं बघा, तुम्ही बसणार होता ते. वर चित्र काय आहे? घोडा उधळलाय, आयाळ उडतेय, मागं डोंगर. धाकट्या मालकांनी ते चित्र बघून आणलं. गाडी काढली, शहराच्या पार त्या टोकाला गेले, आणि चौकातलं दुकान तसंच राहिलं — काखेत कळसा अन् गावाला वळसा. मी म्हटलं, मालक, चित्रातल्या घोड्याला दात आहेत हो, आपल्या मावशीला कुठले? हसले. पोर वाईट नाही, मनानं चांगलं आहे, पण हसतं फार. घ्या, ही वडी हातात घ्या. घ्या हो, चावत नाही. फोडा बघू. नाही ना फुटत? दगड आहे दगड, भिंतीत लावली तर भिंत पडेल नि वडी राहील. रंग बघा, तपकिरी, भाजल्यासारखा. आणि वास? पुठ्ठ्याचा. आता ही दुसरी घ्या, मी चौकातून आणलेली. दुकानदार वैतागतो माझ्यावर, म्हणतो, आजोबा, तुम्ही खाणं घ्यायला येता की मुलगी बघायला? कारण मी पोतं उघडायला लावतो. का नको? खायचं तिला आहे. ही दाबा — सुटली ना कडेनं? आत काडी बारीक, पान दिसतंय. हिरवी आहे, पण पोपटासारखी भडक नाही. पांढरा ठिपका दिसला की पोतं परत, बुरशी असते ती. आणि सगळ्यात आधी नाक. घोडा आधी नाकानं जेवतो डॉक्टर, मग तोंडानं. ह्या नाकानं मी आजवर एक कुबट पोतं आत येऊ दिलं नाही. सूनबाई म्हणते, बाबा, तुम्ही नाकानं कांदे सोलता. सोलतो तर सोलतो. हुंगा, तुम्हीही हुंगा — असं काय तोंड केलंत? अहो, तो वडीचा वास नव्हे. तो माझाच. मलम आहे, कापूर नि निलगिरीचं. खांद्याला चोळतो. मला तर आता येतही नाही तो वास, सवय झाली.

खांदा का? ते तुम्हाला माहीत असायला हवं, तुम्ही आला होतात की त्या दिवशी. पण तुम्ही आलात ते शेवटी. आधीचं कुठं बघितलंत? मी त्या दिवशी नव्हतो इथं, चष्म्याचा नंबर काढायला गेलो होतो, मुलानंच नेलं, नको म्हणत होतो मी. जाताना धाकट्या मालकांना दहादा बजावलं — वड्या भिजवून द्या. भिजवून. फुगून त्यांचा चिखल झाला की मगच द्या. तिच्या दाढा झिजून गुळगुळीत झाल्यात, गवत दिलं तर चावून चावून चोथा करते नि टाकून देते, तिला पोटात जाईल असं हे एवढंच आहे. हो हो म्हणाले. आणि दिल्या कोरड्या. ह्या दगडाच्या. का तर तिनं पाय आपटले, भूक लागली म्हणून मागितलं, आणि ह्यांना दया आली. दया बघा कशी असते, बादलीभर पाणी नाही सुचत तिला. परत येऊन बघतो तर मावशी मान लांब करून उभी, नाकातून हिरवा फेस, गिळायला जाते नि अंग गदगदा हलतं. घशात बोळा बसला होता वड्यांचा. मग काय, तुम्ही येईपर्यंत तिचं डोकं खाली धरून उभा राहिलो मी, लाळ बाहेर पडावी म्हणून, फुप्फुसात जाऊ नये म्हणून — तुम्हीच तसं फोनवर सांगितलं होतं, डोकं वर जाऊ देऊ नका. नाही जाऊ दिलं. घोडीची मान म्हणजे काय कोंबडीची मान असते? ती वर ओढते, मी खाली. कधीतरी ह्या खांद्यात कट् झालं, पण सोडतो कशाला. मग तुम्ही आलात, नळी घातलीत, पाणी सोडलंत, आणि सगळं बाहेर आलं तेव्हा मी तुमच्या पाया पडणार होतो, खरं सांगतो, पण हात हलेचना. हसू नका. तेव्हापासून हे मलम. सूनबाईनं आणलं. सकाळी चोळतो, खायला घालायच्या आधी चोळतो, त्याशिवाय वड्या कालवायला हात चालत नाही. आणि मी हातानंच कालवतो, दांड्यानं नाही. दांड्यानं गाठी राहतात.

आणि तेव्हापासून ही खात नाही. बघा आता. घसा मोकळा आहे, तुम्ही स्वतः बघितलात. ताप नाही. शेण बरं आहे, जेवढं काही येतं तेवढं. पण घमेलं पुढं ठेवलं की येते, नाक घालते, दोन घास घेते न घेते, आणि तोंड फिरवते. ह्या चांगल्या वड्या आणल्या तरी तेच. कोंडा कालवून दिला, तेच. गूळ चुरून घातला, तेच. मालक म्हणतात घाबरलीय, घशात पुन्हा अडकेल म्हणून घमेल्याचीच धास्ती घेतली. तुम्हीही तेच म्हणालात, वय झालं, काही जनावरं मनानं सोडून देतात. सोडून देते म्हणे! काल मी दाराआडून बघत होतो, मांजराच्या ताटलीत तोंड घालत होती. सोडून दिलेलं जनावर मांजराच्या ताटलीत तोंड घालतं? मला राग येतो डॉक्टर. कुणाचा ते सांगता येत नाही, म्हणून सगळ्यांचाच येतो. धाकट्या मालकांचा येतो, त्या चित्रातल्या घोड्याचा येतो, तुमचाही आला होता सकाळी तुमची गाडी बघून. हिचाही येतो. अगं, मी काय विष घालतोय का तुला?

काय म्हणता? अजून नाही भिजल्या. बघतो ना — हे बघा, आत टणक आहे अजून. वेळ लागतो. चांगल्या गोष्टीला वेळ लागतो. — गरम पाणी? घालतात ना, घालतात की. थंडीत मी रोजच घालतो, कोमट पाण्यात बघता बघता फुगतात, तुम्ही एक विडी ओढा नि — म्हणजे तुम्ही ओढत नसाल — तोवर तयार. गार पाण्यात मात्र बसावं लागतं. — आज? आज गारच घातलं. — का म्हणजे, किटली बिघडलीय ना ऑफिसातली. …हो. आताच चहा घेतलात तुम्ही. तिच्यातलाच होता तो, नाही का. बरं.

बरं, नाही बिघडलेली.

आता असं बघू नका माझ्याकडं. काय चूक केली मी? वड्या भिजेपर्यंत तुम्ही बसणार म्हणालात, मी गार पाणी घातलं. वड्या काय, भिजणारच. तुम्हाला पुढं दुसरीकडं जायचं असेल, कुणाची गाय अडली असेल, कुणाचं कुत्रं, आणि जाता जाता म्हणाल, म्हातारबा, उद्या बघू. उद्या काय, उद्याचा दिवस वेगळा असतो. उद्या ती खाईल. मला वाटलं होतं तसं. वाटायला काय लागतं? — तुम्ही काही बोलतही नाही, मिठाची गुळणी धरून बसलाय, म्हणून माणसाच्या तोंडातून नको ते बाहेर येतं. समोरचा भांडला असता तर मी आपला भांडलो असतो.

आणि हे माझ्या नोकरीसाठी चाललंय असं समजू नका. धाकट्या मालकांना तसं वाटतं, बोलत नाहीत पण वाटतं. बाकीच्या घोड्यांना आता ते दोन गडी आहेत, तरणे, बूट घालून खरारा करतात. मला ठेवलंय ते मावशीपुरतं. मालक परवा किती गोड बोलले — म्हणाले, आता तुम्हीही आराम करा, नातवंडांत रमा. नातवंडं! एक हॉस्टेलात आणि दुसरं दिवसभर कानात बोंडं घालून. मी घरी बसून काय करू हो? घरी मला सूनबाई पाव दुधात भिजवून देते, वरून साखर घालते. चांगली आहे बिचारी, प्रेमानं देते. कवळी आहे माझी, पण टोचते, म्हणून डबीत. मुलगा म्हणतो, बाबा नि मावशी एकाच पंगतीला बसवा, दोघांचाही चिखलच आहे. हसतात सगळे, मीही हसतो. आमच्या लहानपणी म्हणायचे, दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. तेव्हा वाटायचं, म्हातारी माणसं उगाच बोलतात. — तर मी काय म्हणत होतो? हां. ती ऐकते माझं. म्हणजे ऐकायची. सकाळी फाटकाची कडी वाजवली की आतून हाक द्यायची — घशातल्या घशात, मोठ्यानं नाही, आपल्या माणसाला देतात तेवढीच. आता कडी वाजवतो, ती हाक देते, मग मी जवळ जातो — आणि ती मान वळवते. असं कुणी करतं का? लांबून बोलवायचं आणि जवळ गेलं की तोंड फिरवायचं? बायकोनंसुद्धा माझ्याशी असं कधी केलं नाही, आणि तिला कारणं होती.

किती मुलं ह्या पाठीवर बसायला शिकली, विचारा. सगळ्यांची मावशी ती. कुणी घसरायला लागलं की आपण होऊन त्या बाजूला सरकायची, पोर पुन्हा मधोमध. हे कुणी शिकवलं नव्हतं तिला. धाकटे मालकही तसेच शिकले, इथंच, आयाळ दोन्ही मुठींत घट्ट धरून भोकाड पसरलेलं असायचं. आज सकाळपासून ऑफिसात दार लावून बसलेत. तुम्हाला वाटलं असेल काम आहे त्यांना. काम कसलं. चहा द्यायला गेलो तर मला पाठमोरे, म्हणतात, आजोबा, मी बाहेर नाही येणार, झालं की सांगा. झालं की! मला म्हणायचं होतं दोन शब्द, जिभेवर आले होते. पण खांदे हलत होते पोराचे. चहा ठेवला नि आलो.

झाल्या बघा. फुगल्या. आता मी कालवतो — बसा तुम्ही, बसा — जरा खांद्याला हे लावून घेतो आधी. हं. असं. आता कसं, एकही गाठ नको. बोटांतून निसटायला हवं, लापशीसारखं. घोड्याचं खाणं कालवताना घाई केली की त्याला कळतं. …आता येतो मी. तुम्ही इथूनच बघा, हलू नका. ये गं मावशे. ये. बघ काय आणलंय. आली बघा, कान कसे पुढं केलेत — कान पुढं आहेत डॉक्टर, बघितलंत? भूक आहे तिला. ये. घे. घे ना. — घे की गं. अगं, एक घास. — नको ना असं करूस. आज नको. आजचा दिवस तरी माझं ऐक, हे बसलेत तिकडं, ते बघतायत, घे एकच, मी काय मागतोय तुझ्याकडं, बस एक — जा! जा मर तिकडं! कोणासाठी करतोय मी हे? त्या दगडाच्या वड्या आवडल्या होत्या तुला, त्या खाल्ल्यास धडाधड, आणि माझ्या हातचं —

नाही. नाही डॉक्टर, तसं बोलायला नको होतं मी. तिला नाही, कुणालाच नाही बोलत मी असं. घमेलं पडलं बघा सगळं, गडी ओरडतील.

थांबा. पेटीला हात नका लावू. एकदा, एकदाच आणखी. दुसरी बादली आहे. तिकडं, दाराआड. हो, ती पण भिजत घातलीय — लपवून कसली, झाकून ठेवली होती, माश्या बसतात म्हणून. बरं, लपवून. पहिलं झालं की दुसरं पुढं करणार होतो, मग संध्याकाळ झाली असती. आता काय लपवायचं तुमच्यापासून. जा, ती किटली आणा ऑफिसातली, गरम पाणी ओता ह्यात, होऊ दे लवकर. धाकट्या मालकांना सांगा किटली हवी, कशाला ते नका सांगू. …आणलीत? ओता. सगळी ओता. बघा, कशा सुटतात, म्हटलं नव्हतं मी? आता हे कालवायला — मला नाही जमणार आता. तुम्हीच कालवा. मघाशी घमेलं सावरायला गेलो नि खांदा धरलाय, बोटं मिटत नाहीत. तुम्हीच करा, हात धुतलेले आहेत ना? बाही वर करा. घाला हात, घाण नाही ती, गवत आहे. सगळ्या गाठी मोडा. तळाला बघा तळाला, तळाला हटकून राहते एखादी. असं. बरं जमतंय तुम्हाला. तुमच्या आईनं कणीक मळायला बसवलं होतं वाटतं लहानपणी.

द्या आता. नाही, तुम्हीच द्या, मला उचलत नाही. मी इथं स्टुलावर बसतो. मी नाहीच बघत. तोंड फिरवणार ती, नि मी ते दोनदा बघू कशाला. बादली ठेवू नका खाली, धरून ठेवा छातीशी, हो, आणि थोडं हातावर घेऊन पुढं करा. नाही खाल्लं तर — नाही खाल्लं तर मग पेटी आहे. मी बाहेर जाईन तेव्हा, चालेल ना? मला धरायला लावू नका. त्या दिवशी धरलं, ते ती जगावी म्हणून धरलं. आज नाही धरणार.

हा कसला आवाज?

चप्‌ चप्‌ — कोण —

डॉक्टर, ती खातेय.

हलू नका. अजिबात हलू नका. खातेय की ही! बघा, नाक पार आत घातलंय, डोळ्यापर्यंत माखली — अगं हळू, हळू, पळून नाही जात — दुसरा घास घेतला, तिसरा, अहो, चाटतेय हात तुमचा. माझी मावशी ती. आलो गं, आलो मी, शहाणी माझी बाई, बघू तुझं — अगं, का? — का गं थांबलीस? मी आहे. मीच आहे, घाबरतेस काय. डॉक्टर, मान का वर केली हिनं? मागं का सरकली? घास तोंडात तसाच आहे. मी नुसता हात —

बरं. बरं, होतो मागं. हा झालो. …खातेय परत.

पुन्हा येऊन बघतो. एकच पाऊल. — नाही. नाही, थांबली. — मागं झालो गं, खा. खा तू.

हा हात —

किती वास येतो हो ह्याला. तुम्हाला मघाशीच आला होता. तुम्ही तोंड केलं होतंत, आणि मी म्हटलं, वडीचा नव्हे, माझाच. आणि त्याच हातानं कालवलं. कोंड्यात तोच हात, गुळात तोच हात. दुकानदाराच्या पोत्यात नाक खुपसून वास घेत बसलो. नाकानं कांदे सोलणारा मी.

आठवडाभर डॉक्टर. बोलवत होती ती मला, लांबून. आणि मी जवळ यायचो.

नको, काही बोलू नका तुम्ही. बोलला नाहीत इतका वेळ, आता तर मुळीच नको. नुसते उभे राहा. हात तसाच असू द्या तिच्या तोंडाखाली, दुखला तरी काढायचा नाही, मी त्या दिवशी काढला नव्हता. बादलीत उरलंय ते सगळं घाला तिला, तळाची गाठ मोडून. मी बाहेर नळावर आहे. साबण कुठं ठेवतात हे गडी कोण जाणे.

आणि पेटी मी उचललीय. डाव्या हातानं उचलते की — फाटकाबाहेर ठेवतो, तुमच्या गाडीपाशी. तिचं झालं की बादली तिथंच सोडा आणि त्या दारानं सरळ जा. मालकांना काय सांगायचं ते सांगा, धाकट्यांचं दार आधी वाजवा. — नाही हो, माझा निरोप नका घेत बसू. जा म्हटलं ना. मला इथं वेळ लागेल.